अल्निको: गाईच्या पोटातला राखणदार

आजच्या भागात आपण एका लोहचुंबकाची ओळख करून घेणार आहोत. हा चुंबक बोटाएवढा असतो, गाय तो गिळते, आणि मग तो जन्मभर तिच्या पोटात राहतो. ऐकायला विचित्र वाटेल, पण गाईच्या डॉक्टरांना हा उपाय अनेक दशकांपासून माहीत आहे. या चुंबकाची धातू म्हणजे अल्निको. ती कशाची बनते, तिच्यात गुण कोणते आणि उणिवा कोणत्या, हे एकदा नीट कळलं की ती गाईच्या पोटात का चालते आणि कुठे चालत नाही, हेही आपोआप कळतं. गोठा आपल्यापैकी बहुतेकींच्या हाती आहे आणि दुधाच्या पैशावर घरचा बाजार चालतो, म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम घेतला.

आधी गाईकडे बघू. शेळी ओठांनी पाला निवडून खाते. गाय आणि म्हैस तसं करत नाहीत. त्या जिभेनं वैरणीचा घास ओढतात, थोडासा चावतात आणि गिळून टाकतात. नीट चावायचं काम पुढे रवंथ करताना. त्यामुळे घासात काय आलं, हे त्यांना कळतच नाही. पेंढीला बांधलेली तार, छपराचा खिळा, बांधकामावरची बायंडिंग वायर, शिवणकामातली तुटकी सुई, टाचणी, केसातली पिन, सगळं वैरणीबरोबर आत जातं. कडबाकुट्टीत तार गेली तर आणखी वाईट, कारण यंत्र तिचे बोटभर लांबीचे टोकदार तुकडे करून वैरणीत मिसळून देतं.

गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात: कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरं पोट. जड वस्तू गिळली की ती जाळीपोटात जाऊन बसते. या कप्प्याच्या आतल्या बाजूला मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, तिच्यात तारेचं टोक अडकतं. रवंथ करण्यासाठी जाळीपोट सारखं आकसत असतं, आणि प्रत्येक आकसण्याबरोबर टोक थोडं थोडं पुढे सरकतं. जाळीपोटाच्या पुढे फक्त एक पडदा असतो, आणि त्या पडद्यापलीकडे, अगदी थोड्या अंतरावर, हृदय. तार पोटाला भोक पाडून पुढे गेली तर ती हृदयाच्या आवरणापर्यंत पोचू शकते. गाय गाभण असली आणि दिवस भरत आले असले, की वाढलेल्या गर्भाचा दाब पोटावर येतो आणि धोका वाढतो. चांगली दुभती गाय अशा एका तारेपायी दगावते.

आता चुंबकाचं काम समजायला सोपं आहे. साधारण तीन इंच लांब, अर्धा इंच जाड, टोकं गोल केलेला गुळगुळीत दांडा गाईला गिळायला देतात. तो जड असल्यामुळे जाळीपोटात जाऊन बसतो आणि तिथून पुढे सरकत नाही. मग जो खिळा किंवा तार आत येईल, ती दांड्याला आडवी चिकटून राहते. तिचं टोक पोटाच्या भिंतीत घुसण्याऐवजी चुंबकाच्या अंगाला लागून राहतं. हळूहळू ती तार तिथेच गंजून झिजते. चुंबक तार बाहेर काढत नाही, फक्त तिला धरून ठेवतो. गाईसाठी तेवढं पुरेसं असतं.

पण कोणताही चुंबक हे काम करील का? तर नाही. यासाठीच अल्निको काय आहे ते बघायला हवं.

अल्निको हे नाव तीन धातूंच्या नावांचे तुकडे जोडून झालं आहे. अॅल्युमिनियममधलं ‘अल्’, निकेलमधलं ‘नि’ आणि कोबाल्टमधलं ‘को’. गंमत म्हणजे या मिश्रधातूत सगळ्यात जास्त असतं ते लोखंड, आणि नावात नेमकं तेच नाही. अल्निकोचे पुष्कळ प्रकार आहेत, त्यांना क्रमांक दिलेले आहेत. सगळ्यात वापरला गेलेला प्रकार म्हणजे अल्निको ५. त्याच्या शंभर ग्रॅममध्ये अॅल्युमिनियम सुमारे ८ ग्रॅम, निकेल १४, कोबाल्ट २४, तांबं ३ आणि उरलेलं ५१ ग्रॅम लोखंड असतं. अल्निको ३ या प्रकारात तर कोबाल्ट मुळीच नसतं, तरी त्याला अल्निकोच म्हणतात. काही प्रकारांत टायटॅनियमही घालतात.

आता एक कोडं. आपल्या स्वयंपाकघरातल्या बऱ्याचशा चांगल्या स्टीलच्या डब्यांना चुंबक चिकटत नाही. त्या स्टीलमध्येही बहुतांश लोखंडच असतं. मग चिकटत का नाही? कारण त्यात निकेल आणि क्रोमियम घातलेलं असतं. योग्य प्रमाणात निकेल पडलं की लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि चुंबकाची ओढ नाहीशी होते. अॅल्युमिनियमच्या पातेल्यालाही चुंबक चिकटत नाही, हे आपल्याला माहीतच आहे. मग चुंबकाला न चिकटणाऱ्या निकेल-पोलादात चुंबकाला न चिकटणारं अॅल्युमिनियम घातलं तर काय होईल? कोणीही म्हणेल, काही होणार नाही.

१९३१ मध्ये जपानमध्ये तोक्यो इंपीरियल विद्यापीठात तोकुशिची मिशिमा या धातुशास्त्रज्ञानं नेमकं हेच केलं, आणि तयार झाला एक दणकट चुंबक. त्याच्या आधी, १९१७ मध्ये, जपानच्याच कोतारो होंडा यांनी कोबाल्ट घातलेल्या पोलादाचा चुंबक तयार केला होता. तो त्या काळातला सर्वांत चांगला मानला जात असे. मिशिमांचा चुंबक त्याच्याहून चिवट निघाला, आणि त्याला महागडं कोबाल्टही लागत नव्हतं. त्यांनी आपल्या धातूला ‘एमके पोलाद’ असं नाव दिलं. मिशिमा दत्तक गेलेले होते. ‘एम’ हे दत्तक घराच्या आडनावाचं आद्याक्षर आणि ‘के’ हे जन्मघराच्या किझुमी या आडनावाचं. माहेर आणि सासर अशी दोन्ही घरांची नावं लावणाऱ्या आपल्या मैत्रिणींना हे वाचून बरं वाटेल. या एमके पोलादात पुढे कोबाल्ट आणि तांबं घालून जे प्रकार निघाले, तेच अल्निको.

पण दोन न चिकटणाऱ्या वस्तूंतून चुंबक आला कुठून? ते समजायला कुडाची भिंत डोळ्यांपुढे आणा. आत काड्या उभ्या आणि त्यांच्यामध्ये माती लिंपलेली. अल्निकोचं आतलं रूप तसंच असतं. भट्टीत सुमारे १२५० अंश सेल्सियसपर्यंत तापवलं की सगळे धातू एकमेकांत पूर्ण मिसळलेले असतात. मग ते निवायला लागतात आणि साधारण ८५०-९०० अंशांच्या खाली आले की धातूच्या आत फाटाफूट सुरू होते. लोखंड आणि कोबाल्ट एका बाजूला गोळा होऊन त्यांच्या अतिबारीक काड्या बनतात. निकेल आणि अॅल्युमिनियम त्या काड्यांच्या मधली माती होतात. या काड्या इतक्या बारीक असतात की आपल्या एका केसाच्या जाडीत अशा हजाराहून जास्त काड्या शेजारी शेजारी बसतील.

चुंबकाची ओढ आहे ती या काड्यांमध्ये. मधली माती जवळजवळ चुंबकत्व नसलेली असते, आणि तिचं काम प्रत्येक काडीला शेजारणीपासून वेगळं ठेवणं. लोखंडाचा गोळा चुंबकाजवळ नेला की लगेच चुंबक होतो आणि दूर नेला की लगेच विसरतो. पण बारीक लांबट काडीचं तसं नसतं. तिच्यातली चुंबकाची दिशा काडीच्या लांबीला धरून राहते, सहजासहजी उलटत नाही. म्हणजे अॅल्युमिनियम आणि निकेल स्वतः ओढ देत नाहीत, ते लोखंडाला लक्षात ठेवायला लावतात. कोबाल्ट ओढ वाढवतं आणि उष्णता सोसायची ताकदही देतं. तांबं काड्या आणि माती यांची वाटणी जास्त स्वच्छ करतं. टायटॅनियम चिवटपणा वाढवतं. असं प्रत्येकीला आपापलं काम नेमून दिलेलं आहे.

यात आणखी एक युक्ती आहे. १९३८ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की ही धातू चुंबकाच्या प्रभावाखाली ठेवून निववली, तर सगळ्या काड्या त्याच दिशेनं वाढतात. पेंढीत कडब्याची ताटं जशी एका दिशेनं लागतात, तशा. मग त्या दिशेनं चुंबकाची ताकद खूपच वाढते. त्यानंतर धातू पुन्हा ६०० अंशांच्या आसपास काही तास मुरवतात. तोच माल, तेच प्रमाण, पण निववण्याची रीत चुकली तर चुंबक कमकुवत निघतो. पाकाच्या लाडवाचं जसं आहे ना, साखर तेवढीच, पण पाक चुकला की लाडू फसला, तसंच हे.

आता गुणदोष. चुंबक चांगला की वाईट हे आपण ओढीवरून ठरवतो. पण चुंबकाचे दोन गुण वेगवेगळे पाहावे लागतात. साडीच्या रंगाचं उदाहरण घ्या. रंग किती गडद आहे हा एक गुण, आणि तो किती पक्का आहे हा दुसरा.

अल्निकोचा रंग गडद आहे, पण त्या मानानं कच्चा. म्हणजे त्याच्यात चुंबकत्व पुष्कळ भरतं, पण दुसरा जोरदार चुंबक उलट्या बाजूनं त्याच्याजवळ आणला, तर ते कमी होतं. जोरात आपटल्यानंही थोडं उतरतं. रेडिओच्या स्पीकरमागे दिसणारा काळा, मातीच्या भांड्यासारखा चुंबक असतो ना, तो फेराइटचा. तो लोखंडाच्या गंजापासून आणि बेरियम किंवा स्ट्रॉन्शियमपासून भाजून बनवतात. त्याचा रंग फिका, पण पक्का, आणि तो सगळ्यांत स्वस्त. तिसरा निओडिमियमचा. लोखंड, निओडिमियम आणि बोरॉन यांचा. तो १९८०च्या दशकात आला. त्याचा रंग गडदही आणि पक्काही. मोबाइलमध्ये, इअरफोनमध्ये, पर्सच्या बटणात जो चकचकीत इवलासा चुंबक असतो, तो हाच. वजनाला वजन धरलं तर अल्निको ५ पेक्षा तो कितीतरी पटींनी ताकदवान ठरतो.

मग अल्निको कशाला? तर उन्हासाठी. म्हणजे उष्णतेसाठी. साधा निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या पुढे गेला की त्याची ताकद कायमची उतरायला लागते. अल्निको ५०० अंशांपर्यंत काम देतो, म्हणजे लोखंड तापून मंद लाल दिसू लागेल इथपर्यंत. निओडिमियमला ओलाव्यात गंज चढतो, म्हणून त्यावर निकेलचा मुलामा द्यावा लागतो, आणि मुलामा उडाला की आतून तो भुसभुशीत होतो. अल्निको मुलाम्याशिवाय ओलाव्यात टिकतो. शिवाय थंडी-उन्हाच्या फरकानं त्याची ओढ फारशी कमीजास्त होत नाही. म्हणूनच फिरत्या चकतीच्या जुन्या वीजमीटरमध्ये चकतीला आवर घालायला अल्निकोचे चुंबक वापरले जात. तिथे ओढ वर्षानुवर्षं सारखीच राहायला हवी, नाहीतर बिल चुकेल.

त्याच्या कच्चेपणावर उपाय आहे तो लांबीचा. अल्निकोचा आखूड, चपटा तुकडा केला तर त्याची दोन टोकं इतकी जवळ येतात की ती एकमेकांचं चुंबकत्व स्वतःच कमी करतात. म्हणून अल्निको नेहमी लांब दांडा किंवा घोड्याच्या नालेसारखा केलेला दिसतो. शाळेच्या पेटीतले पट्टीचुंबक लांब असतात आणि जोडीनं, उलटी टोकं शेजारी ठेवून, दोन्ही टोकांना लोखंडाची पट्टी लावून ठेवतात, त्यामागे हेच कारण. मुलांनी ते कसेही कोंबून ठेवले तर वर्षभरात ते टाचण्याही उचलत नाहीत.

अल्निको कठीण आहे, पण ठिसूळ. कानशीनं घासून किंवा छिद्र पाडून त्याला आकार देता येत नाही. साच्यात ओतून किंवा भुकटी दाबून-भाजून आकार द्यायचा आणि शेवटी सहाणेवर घासावं तसं यंत्रावर घासून गुळगुळीत करायचं, एवढंच शक्य असतं.

एके काळी रेडिओच्या स्पीकरमध्येही अल्निकोच असायचा. म्हणजे घराघरांतला आवाज याच धातूतून निघत होता. पण कोबाल्ट जगात फार थोड्या ठिकाणी मिळतं. १९७८ मध्ये त्या वेळच्या झाईर देशात, म्हणजे आजच्या काँगोत, खाणींच्या शाबा प्रांतात लढाई झाली आणि कोबाल्टचा भाव कडाडला. स्पीकर बनवणारे मग स्वस्त फेराइटकडे वळले ते कायमचे. आजही जगातलं बहुतेक कोबाल्ट काँगोतूनच येतं, आणि तिथल्या काही खाणींत लहान मुलंही राबतात. एखादी धातू दुर्मीळ का, महाग का, याचं उत्तर असं कुठल्यातरी माणसांच्या जगण्यापाशी जाऊन थांबतं.

आता परत गाईकडे. अल्निकोला लांब दांड्याचा आकार हवा, आणि गाईच्या पोटालाही लांब, जड, गोल टोकांचा दांडाच हवा. तार आडवी धरायला लांबी उपयोगी पडते. पोटातल्या ओलाव्यात तो वर्षानुवर्षं राहतो, मुलामा उडण्याची भीती नाही. कच्चेपणाचा इथे त्रास नाही, कारण पोटात त्याला आपटायला किंवा उलटा ढकलायला कोणी नाही. धातूचे गुण आणि काम यांचा असा मेळ बसला, म्हणून गाईच्या चुंबकासाठी अल्निको रूढ झाला. आता फेराइटचेही मिळतात.

हा चुंबक घरी आणून आपणच गाईच्या घशात घालायचा नाही. नळीसारख्या साधनानं तो जिभेच्या मागे सोडावा लागतो. हात चुकला तर घशाला इजा होते. गाय उपाशी ठेवायची की नाही, किती वेळ, हे पशुवैद्य सांगतील. कालवड साधारण वर्षाची झाली की त्यांना विचारा. आपण बघायचं ते एवढं: चुंबकाला तडा गेलेला नाही ना, टोकं गोल आणि गुळगुळीत आहेत ना, आणि त्याला चार-सहा खिळे नीट लटकतात ना. देईपर्यंत तो दुसऱ्या चुंबकांच्या ढिगात टाकू नका आणि फरशीवर पडू देऊ नका. विकत घेतलेल्या गाईच्या पोटात आधीच चुंबक आहे का, हेही बघता येतं. डाव्या कोपराच्या मागे, छातीजवळ होकायंत्र धरलं आणि काटा जागचा हलला, तर आत चुंबक आहे. मग दुसरा द्यायची गरज नाही.

चुंबकाच्या मर्यादाही लक्षात ठेवा. तो लोखंड धरतो. तांब्याची तार, अॅल्युमिनियमचा तुकडा, पितळेची कडी आणि प्लास्टिकची पिशवी यांच्यापुढे तो हतबल आहे. आणि तार आधीच भिंतीतून पलीकडे गेली असेल तर चुंबक तिला परत आणत नाही. तेव्हा दूध एकदम उतरलं, चारा टाकला, रवंथ थांबलं, पाठ कमानीसारखी झाली, कोपरं बाहेर फेकून गाय उभी राहायला लागली, उठताना किंवा उतारावरून जाताना कण्हू लागली, तर अपचन म्हणून घरगुती काढे देत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. गळ्याखालच्या पोळीला सूज आली असेल तर त्रास हृदयापर्यंत गेलेला असू शकतो. वेळेत कळलं तर पोट उघडून तार काढण्याचा मार्ग असतो. सूज आल्यावर तो बहुतेक बंद झालेला असतो.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. गाईला चुंबक चालतो म्हणजे लेकराला चालतो असं नाही. गाईच्या पोटात एकच मोठा दांडा एका जागी बसतो. मुलानं मात्र निओडिमियमचे दोन बारीक चुंबक गिळले, तर ते आतड्याच्या दोन वेगळ्या वळणांत असतानाही एकमेकांना ओढतात, मधलं आतडं चिमटतात आणि त्याला भोक पडतं. असा चुंबक पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी शौचातून पडेल म्हणून वाट बघू नका, लगेच मोठ्या दवाखान्यात न्या. तुटलेल्या खेळण्यांतले, पर्सच्या बटणांतले चुंबक लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

शेवटी, गाईच्या पोटातला राखणदार हा दुसरा पहारा आहे. पहिला पहारा गव्हाणीवर. खराब स्पीकरमधला फेराइटचा चुंबक फडक्यात गुंडाळून दोरीला बांधा आणि आठवड्यातून एकदा गव्हाणीतून, कुट्टीच्या ढिगावरून, गोठ्याच्या जमिनीवरून फिरवा. फडकं उलटं केलं की काय काय निघालं ते दिसेल. पेंढीची तार सोडली की ती तिथेच टाकू नका, एका डब्यात जमा करा. गोठ्यात बसून शिवणटिपण करू नका. छपराचं काम झालं की खिळे वेचून घ्या. पोटात जाण्याआधी सापडलेली तार गाईला कधीच त्रास देत नाही.